रात्री साडेदहाला आलेला निरोप

एका गुरुवारी संध्याकाळी मी आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, फेसबुक पेजवर पुढच्या आठवड्याची बायबलमधली वचनं लावत बसले होते. वचनाचं चित्र तयार करायचं, तारीख-वेळ नेमून द्यायची, की ते रोज रात्री नऊला आपोआप झळकतं. सातही चित्रं लावून झाल्यावर सहज म्हणून इनबॉक्स उघडला. रविवारी रात्री साडेदहाला आलेला एक निरोप तिथे तसाच पडून होता. 'आज आई गेली. तुमची भक्ती ती दर रविवारी मोबाइलवर बघायची. उद्या सकाळी अंत्यविधी आहे. प्रार्थना करायला कोणी येऊ शकेल का?'

भक्ती म्हणजे आमची चर्चमधली रविवारची उपासना. निरोपाला चार दिवस उलटून गेले होते. त्या रविवारी नऊला आमचं जे वचन झळकलं होतं, ते चौतिसाव्या स्तोत्रातलं होतं, परमेश्वर भग्नहृदयी माणसांजवळ असतो असं सांगणारं. त्या बाईंनी ते वाचूनच आम्हाला लिहिलं असणार. वचन वेळेवर पोचलं होतं, आम्ही पोचलो नव्हतो.

मंडळीचं सोशल मीडिया सांभाळायला लागून मला तेव्हा दीड वर्ष झालं होतं. त्याआधी आम्ही काय करत होतो आणि त्यानंतर काय बदललं, ते लिहून ठेवते आहे. हे काम नुकतंच कुणाकडे आलं असेल तर आमच्या चुका त्यांना पुन्हा करायला लागू नयेत.

सुरुवात मार्च २०२० मधली. ११ मार्चला जागतिक आरोग्य संघटनेने कोविडला महामारी म्हटलं आणि थोड्याच दिवसांत चर्चच्या दारांना कुलपं लागली. ५ एप्रिलला झावळ्यांचा रविवार, १२ एप्रिलला ईस्टर. मी संडे स्कूलला शिकवत होते आणि मुलांच्या आईवडिलांचा व्हॉट्सॲप ग्रुप चालवत होते, तेवढ्यावरून कमिटीने हे काम माझ्याकडे दिलं. सगळ्यांना ते पटलं होतं असं नाही. कमिटीतले एक ज्येष्ठ पंच फोनवर म्हणाले, "भक्ती ही बघायची गोष्ट नाही, करायची गोष्ट आहे." त्यांचं म्हणणं मला आजही खोटं वाटत नाही. पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, त्यांना एक जुनी हकिगत सांगितली. २ जानेवारी १९२१ रोजी अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहरातल्या कॅल्व्हरी एपिस्कोपल चर्चमधली भक्ती केडीकेए या रेडिओ केंद्रावरून प्रसारित झाली. चर्चमधून थेट प्रसारित झालेली ती पहिली भक्ती मानतात. उपासकांचं लक्ष विचलित होऊ नये म्हणून यंत्र सांभाळणाऱ्या तंत्रज्ञांना गायकवृंदाचे झगे घालून बसवलं होतं. "यंत्र आणायचं, पण ते पुढे पुढे करणार नाही एवढं बघायचं," असं पाळकसाहेब म्हणाले. पंचकाका गप्प झाले. त्यांचं पूर्ण समाधान झालं नव्हतं, पण पुढे कॅमेरा कुठे ठेवायचा हे ठरवायला तेच आले.

झावळ्यांच्या रविवारची भक्ती यूट्यूबवर थेट दाखवायची असं ठरलं. मी शनिवारी रात्री चॅनेल उघडलं आणि तेव्हा कळलं, की पहिल्यांदा लाइव्ह सुरू करताना चॅनेलची पडताळणी करावी लागते आणि त्यानंतर २४ तासांपर्यंत थांबावं लागतं. आमच्याकडे बारा तासही नव्हते. त्या रविवारचा संदेश फोनवर रेकॉर्ड करून तुकड्या-तुकड्यांत व्हॉट्सॲपवर पाठवला. ईस्टर मात्र थेट गेला. नव्याने सुरू करणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. मोबाइलवरून लाइव्ह करायला यूट्यूब आज चॅनेलचे निदान ५० सदस्य (सबस्क्रायबर) मागतं. लॅपटॉपवरून करायचं तर सदस्यसंख्येची अट नाही. त्यामुळे लहान मंडळीने लॅपटॉपनेच सुरुवात केलेली बरी.

ईस्टरच्या त्या प्रक्षेपणात चित्र स्वच्छ होतं, पण शब्द कळत नव्हते. फोन रिकाम्या चर्चच्या मागच्या टोकाला ठेवला होता आणि पाळकसाहेबांचा आवाज भिंतींवर आपटून घुमत होता. पुढच्याच आठवड्यात एक कॉलर माइक घेतला. या कामात मंडळीने पहिला खर्च आवाजावर करावा, कॅमेऱ्यावर नंतर. चित्र थोडं धूसर असलं तरी माणूस बघत राहतो. आवाज तुटक आला की निघून जातो, आणि कानाने अधू झालेली वृद्ध माणसं तर आधीच जातात. जिना चढून चर्चमध्ये येणं ज्यांना जमत नाही, नेमकी तीच.

गाण्यांच्या बाबतीतही ठेच लागली. तयार वाद्यसंगीताचा एक ट्रॅक लावून आम्ही गीत गायलो आणि मधेच त्या व्हिडिओचा आवाज बंद करण्यात आला. चूक आमचीच होती. गीत शंभर वर्षांपूर्वीचं असलं तरी त्याचं रेकॉर्डिंग आणि संगीतरचना कुणाच्या तरी मालकीची असू शकते. शिवाय चर्चमध्ये एकत्र गाण्याची मुभा आणि तेच गीत इंटरनेटवर दाखवायची परवानगी या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. चर्चमधल्या गीतांचे परवाने देणाऱ्या सीसीएलआयसारख्या संस्था प्रक्षेपणासाठी वेगळा परवाना देतात. आता आम्ही जुन्या, हक्कमुक्त गीतांना आमच्याच पेटीवादकाची साथ घेतो. ऐकायलाही ते जास्त आपलं वाटतं.

प्रभुभोजनावर, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण करण्याच्या विधीवर, बरीच चर्चा झाली. घरी भाकर आणि द्राक्षरस समोर ठेवून, स्क्रीनकडे बघत ते घ्यावं का? आम्ही कॅथलिक नाही, पण कमिटीत एकाने व्हॅटिकनचा २००२ सालचा इंटरनेटविषयीचा दस्तऐवज वाचून दाखवला. इंटरनेटवर संस्कार (बाप्तिस्मा, प्रभुभोजन असे पवित्र विधी) नसतात, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. इतर काही मंडळ्यांनी वेगळा निर्णय घेतला, त्यांचीही कारणं आहेत. आम्ही थांबायचं ठरवलं. जे खूप आजारी होते त्यांच्याकडे नियम सांभाळून पाळकसाहेब स्वतः गेले. हा निर्णय लिहिते आहे, कारण मोबाइलवर कुठवर जायचं आणि कुठे थांबायचं हे मंडळीने आधी बसून ठरवलं नाही, तर ते ॲपमधली बटणं ठरवतात.

यूट्यूबवर व्हिडिओच्या आत एक आलेख दिसतो, लोक कुठवर बघत राहिले आणि कुठे सोडून गेले ते दाखवणारा. तो पहिल्यांदा बघितला तेव्हा मला वाईट वाटलं. आमच्या भक्तीची सुरुवात सूचनांनी व्हायची. स्त्री मंडळाची सभा, तरुण संघाची वर्गणी, कुणाच्या तरी लग्नाची हाक. पहिल्या नऊ मिनिटांत आलेख उतारावरून घरंगळल्यासारखा खाली जायचा. अनोळखी माणसाला त्या सूचनांतलं एकही नाव ओळखीचं नसणार, तो का थांबेल? सूचना शेवटी गेल्या. संदेशाची लांबी कमी करावी हे पाळकसाहेबांना सांगायला मला महिना लागला. त्यांनी हसून बायबलमधल्या युतुखाची आठवण काढली. प्रेषित पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला आणि खिडकीत बसलेला हा तरुण झोप लागून तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. "पौलाने खाली जाऊन त्याला कवटाळलं तरी," असं म्हणून त्यांनी संदेश पंचवीस मिनिटांवर आणला.

एवढं सगळं शिकलो, पण रोजच्या वचनांच्या चित्रांनी माझी फसगत केली. सूर्योदय, डोंगर, खाली सुबक अक्षरांत वचन. पसंतीचे अंगठे यायचे आणि मला वाटायचं, आपण लोकांपर्यंत पोचतोय. एकदा सगळी नावं नीट वाचून बघितली तर ती आमचीच होती. रविवारी बाकावर शेजारी बसणारे आम्हीच एकमेकांना अंगठे देत होतो. बाहेरचं जे कोणी आलं होतं, ते इनबॉक्सच्या दारात उभं होतं आणि तिकडे कोणी बघतच नव्हतं.

त्या गुरुवारी मी पाळकसाहेबांना फोन केला. दुसऱ्या दिवशी ते, त्यांच्या पत्नी आणि मी, असे तिघं त्या बाईंच्या घरी गेलो. मी माफी मागितली. त्या रागावल्या नाहीत, ते जास्त जड गेलं. प्रार्थना एका शेजाऱ्याने केली होती, त्याला आली तशी. आईचा मोबाइल त्यांनी आमच्या हातात दिला. त्यात आमच्या जवळजवळ सगळ्या भक्ती पाहून झालेल्या दिसत होत्या. वर्षभर दर रविवारी आमच्याबरोबर प्रार्थना करणाऱ्या त्या आजींचं नाव आमच्यापैकी कुणाला माहीत नव्हतं. त्यांनी कधी प्रतिक्रिया लिहिली नव्हती. लिहिता येत नव्हतं, असं मुलगी म्हणाली.

पुढचा पूर्ण महिना आम्ही एकही चित्र टाकलं नाही. कमिटीसमोर मी एवढंच मागितलं, की मला कॅमेरा नको, डिझाइन करणारा नको, उत्तर देणारी माणसं द्या. पाच जण मिळाले. निवृत्त शिक्षिका, एक नर्स, तरुण संघातले दोघं आणि ते पंचकाका. दर आठवड्याला एकेकाची पाळी लावली. पाळी ज्याची असेल त्याने सकाळी, दुपारी आणि झोपण्याआधी इनबॉक्स बघायचा, फेसबुक आणि इन्स्टाग्राम दोन्हीकडचा. चर्चमध्ये रविवारी दारात स्वागताला उभं राहणारे असतात, तसंच हे. आपोआप जाणारं उत्तर आम्ही बदललं. आधी तिथे 'संपर्क केल्याबद्दल धन्यवाद, देव आपल्याला आशीर्वाद देवो' असं होतं. आता तिथे लिहिलंय, की हे उत्तर यंत्राने पाठवलेलं आहे, तुमचा निरोप माणूस आजच वाचेल, आणि मृत्यू किंवा गंभीर आजारासारखं तातडीचं काही असेल तर या नंबरवर कोणत्याही वेळी फोन करा. तो नंबर चर्चच्या फोनचा आहे आणि तो फोन रात्री कुणाच्या उशाशी असणार हेही पाळीत लिहिलेलं असतं.

उत्तर द्यायला बसल्यावर लक्षात आलं, की हे काम नुसत्या चांगल्या मनाने होत नाही. नर्सताईंनी सुरुवातीलाच सांगितलं, की कुणी जगण्यात रस उरला नाही असं लिहिलं तर वचन पाठवून मोकळं व्हायचं नाही. आधी विचारायचं, आत्ता तुमच्याजवळ कोणी आहे का, तुम्ही सुरक्षित आहात का. हेल्पलाइनचा नंबर द्यायचा, घरातल्या कुणाला किंवा डॉक्टरांना गाठायला मदत करायची, आणि तोवर संभाषण सोडायचं नाही. प्रार्थना करायचीच, पण या सगळ्याच्या जागी नाही. बरं होण्याचं वचन कुणालाही द्यायचं नाही, औषध बंद करा असं सुचेल असा शब्दही लिहायचा नाही. अठरा वर्षांखालच्या मुलांशी एकट्याने खासगी गप्पा नाहीत. त्या संभाषणात दुसरं मोठं माणूस असलंच पाहिजे. आणि कुणी पापाची कबुली लिहायला लागलं तर त्याला प्रेमाने थांबवायचं, कारण हा इनबॉक्स पाच जण वाचतात. तसं सांगून पाळकसाहेबांची वेळ घेऊन द्यायची.

मग एका वहीत, नावं न लिहिता, लोक काय विचारतात तेवढंच टिपायला सुरुवात केली. मला वाटलं होतं श्रद्धेचे मोठे प्रश्न येतील. तेही आले, पण थोडे. जास्त करून प्रश्न असे होते: बाप्तिस्मा झालेला नसेल तर आत येऊ देतात का? कपडे कसे घालायचे? बाळ रडलं तर बाहेर जावं लागेल का? अर्पणाची थैली समोर आली आणि काही टाकलं नाही तर चालतं का? लोक उभे राहतात तेव्हा मलाही उभं राहावं लागेल का? मी घटस्फोटित आहे, कोणी काही बोलेल का? आम्ही जन्मापासून आत असलेली माणसं, यातला एकही प्रश्न आम्हाला कधी पडला नव्हता. उंबरठा आमच्या सवयीचा होता, त्यांना तो डोंगराएवढा होता.

त्या वहीतून आमचे नवे व्हिडिओ निघाले. एका व्हिडिओत शिक्षिकाबाई रस्त्यावरच्या फाटकापासून आत चालत येतात आणि बोलत राहतात: गाडी इथे लावा, चपला काढायच्या नाहीत, कुठेही बसा, मागचा बाक लवकर निघायचं असलेल्यांसाठी मोकळा ठेवतो, थैली आली की तशीच पुढे दिली तरी कोणी बघत नाही. दीड मिनिटाचा, उभ्या चौकटीतला, फोनवर काढलेला. बोललेला प्रत्येक शब्द खाली अक्षरांत, कारण पुष्कळ लोक आवाज बंद ठेवून बघतात आणि काहींना ऐकूच येत नाही. आपोआप उमटणाऱ्या अक्षरांवर विसंबून राहू नका, 'ख्रिस्त' आणि 'कृपा' यांचं ती काय करतील सांगता येत नाही. यूट्यूबवर छोट्या व्हिडिओंना ऑक्टोबर २०२४ पासून तीन मिनिटांपर्यंत मुभा आहे, पण आम्ही दीडच्या पुढे जात नाही. आमच्या कुठल्याही वचनाच्या चित्रापेक्षा हा व्हिडिओ जास्त लोकांनी आपल्या मित्रांना पाठवला, आणि दारात येऊन 'मागचा बाक कुठला?' असं विचारणारी माणसं आम्हाला भेटली.

व्हॉट्सॲपचं वेगळं सांगायला हवं. सुरुवातीला चौकशी करणाऱ्या प्रत्येकाला मी मंडळीच्या मोठ्या ग्रुपमध्ये घालत होते. ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो. एका तरुणीने लिहिलं, की ती इथे आहे हे घरी माहीत नाही आणि ग्रुपमध्ये तिच्या ओळखीचं कोणीतरी आहे. त्या दिवसापासून परवानगीशिवाय कुणालाही ग्रुपमध्ये घेणं बंद केलं. ब्रॉडकास्ट यादीत २५६ जणांची मर्यादा आहे आणि ज्यांनी आपला नंबर साठवून ठेवलाय त्यांनाच निरोप जातो. २०२३ मध्ये चॅनेल आले, तिथे अनुसरणाऱ्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. आता नव्या माणसाला आम्ही चॅनेल सुचवतो, ग्रुप नाही.

याच्याशीच जोडलेली आणखी एक चूक, आणि ती मी विसरणार नाही. मध्यस्थीच्या, म्हणजे इतरांसाठी केलेल्या, प्रार्थनेत पाळकसाहेब आजाऱ्यांची नावं घेतात. चर्चमध्ये ती चार भिंतींत राहायची. लाइव्हमुळे आमच्या एका सभासदाचं नाव आजारासकट बाहेर गेलं आणि कामाच्या ठिकाणी ते सगळ्यांना कळलं. त्यांनी अजून कुणालाही सांगितलं नव्हतं. आता त्या प्रार्थनेच्या वेळी आवाज बंद करून स्क्रीनवर 'मंडळी आजाऱ्यांसाठी प्रार्थना करत आहे' एवढंच दिसतं. बघणाऱ्याने आपल्या घरातली नावं घ्यावीत. मुलांचे चेहरे पालकांच्या लेखी संमतीशिवाय दिसत नाहीत. कॅमेरा पुढच्या चार बाकांकडे कधीच वळत नाही, हे पंचकाकांनी पहिल्या दिवशी ठरवलेलं आजही तसंच आहे.

पाळकसाहेबांच्या नावाने कुणीतरी खोटं खातं उघडून लोकांकडे पैसे मागितल्याचाही प्रकार झाला. आम्ही ते खातं कळवून बंद करून घेतलं आणि दर महिन्याला एकदा जाहीरपणे सांगतो, की पाळकसाहेब खासगी निरोपातून कधीच पैसे मागत नाहीत. पेजवर अर्पणाचा उल्लेख आम्ही ठेवलेलाच नाही. पहिल्यांदा आलेल्याला पहिली गोष्ट पैशाची दिसू नये.

जाहिरातीला एकदा थोडे पैसे घातले. फेसबुकवर धर्मावरून माणसं निवडून त्यांना जाहिरात दाखवण्याचे पर्याय जानेवारी २०२२ मध्ये काढून टाकले गेले, आणि ते योग्यच झालं असं मला वाटतं. आम्ही फक्त परिसर निवडला आणि शोकात असलेल्यांसाठीच्या बैठकीची माहिती दिली. ती बैठक कुणाहीसाठी खुली असते आणि तिथे कुणाला कसलाही आग्रह होत नाही. बोलावणं वेगळं, भुलवणं वेगळं. चमत्काराच्या साक्षी, 'हे पुढे पाठवा म्हणजे आशीर्वाद मिळेल' असले निरोप आमच्या पेजवरून जात नाहीत.

शिव्या येतात. त्यावर वाद घालायचा नाही असं ठरलंय. प्रश्न कितीही तिखट असला तरी उत्तर द्यायचं, शिवी लपवायची, धमकी जपून ठेवून पोलिसांना दाखवायची. पंचकाकांच्या पाळीत भांडायला लागलेला एक तरुण तीन आठवडे रोज भांडत होता. पाळी नसली तरी काकाच त्याला रोज दोन ओळी लिहायचे. चौथ्या आठवड्यात त्याने स्वतःच्या वडिलांविषयी लिहिलं. पुढचं काकांनी आम्हाला सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

हे काम कशासाठी, असं नव्या स्वयंसेवकांनी विचारलं की पाळकसाहेब बायबलमधल्या योहानाच्या छोट्या पत्रांकडे बोट दाखवतात. लिहायला पुष्कळ आहे, पण ते कागद-शाईने लिहावंसं वाटत नाही, येऊन तोंडातोंडी बोलेन, असं तो लिहितो. पण तेवढंही त्याने शाईनेच कळवलं. म्हणून आमच्या प्रत्येक संभाषणाच्या शेवटी एकच प्रश्न असतो: आम्ही भेटायला येऊ का, की तुम्ही याल? नाही म्हणणारे पुष्कळ असतात. त्यांना पुढेही उत्तर मिळत राहतं.

त्या आजींची मुलगी आमच्या मंडळीत आली नाही. तशी अपेक्षाही आम्ही तिच्यापुढे ठेवली नाही. दर वर्षी आईच्या तारखेला ती दोन ओळी लिहिते, साधारण रात्री साडेदहालाच. ज्याची पाळी असेल तो लगेच उत्तर देतो आणि आजींचं नाव घेऊन प्रार्थना करतो. नाव आता आम्हाला माहीत आहे. या वर्षी माझी पाळी होती.